कारवानी पिल्लू घेणार असाल तर कागलकडच्या एका केनेलबद्दल थोडं

कारवानी म्हणजे मुधोळ हाउंड, आपल्याकडची सडपातळ शिकारी कुत्री. केनेलचं नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण आहे आणि माणूस काय तसा वाईट नाही. थोडक्यात सांगायचं तर कुत्री खरंच चांगली, मालकाचं लेक्चर अर्धं खरं अर्धं मीठमसाला, आणि कागदपत्रांच्या नावानं बोंब.

कागलच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की उसाच्या पट्ट्यात त्याचं शेत आहे, टोकाला जुनं पोल्ट्री शेड, त्यालाच जाळ्या मारून कुत्र्यांची सोय केलीय. स्वच्छता बरी, वास नव्हता, पाण्याची भांडी घासलेली होती, हे आधी लिहितो कारण आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी इथंच गाडी अडते. गेल्या गेल्या चहा आणि चहाबरोबर इतिहास. भिंतीवर 2005 साली पोस्टानं काढलेल्या मुधोळ हाउंडच्या तिकिटाचा मोठा केलेला फोटो, खाली हार. मग सुरू, "दादा, ही साधी कुत्री नव्हं, ही राजाची कुत्री."

त्यातलं बरंचसं बरोबर आहे. मुधोळ म्हणजे बागलकोट जिल्ह्यातलं, आपल्या कोल्हापुरातनं निपाणी-चिकोडी करत गाडीनं तीन-साडेतीन तास, तिथं घोरपड्यांचं संस्थान होतं. ही शिकारी जात मध्य आशिया, इराणकडच्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर दख्खनमध्ये आली असं मानतात, म्हणून खेड्यात सगळे कारवानीच म्हणतात, आणि सलुकी, म्हणजे अरब-इराणकडची सडपातळ शिकारी कुत्री, शेजारी उभी केली तर नातं लगेच दिसतं. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ती नीट जोपासली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली ही गोष्ट तर सगळीकडं सांगतात. आज केनेल क्लब ऑफ इंडिया हिला कॅरॅव्हान हाउंड म्हणून नोंदवतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून, त्यामुळं दोन जाती आहेत असं कोण सांगून दोन रेट लावत असेल तर गप उठून या.

पण मग गडी शिवाजी महाराजांवर आला. महाराजांच्या फौजेत म्हणे हीच कुत्री होती, मुधोळकरांनी दिलेली. आता कोल्हापुरात बसून हे ऐकायचं म्हणजे कमालच, त्या काळचा मुधोळचा बाजी घोरपडे आदिलशाहीच्या चाकरीत होता आणि 1648 ला शहाजीराजांना कैद करण्यात तोच पुढं होता, तो महाराजांना कुत्री कशाला पाठवतोय! मी बोललो तसं, तर म्हणतो "गिऱ्हाईकाला आवडतंय ओ." बरं त्याला आपल्या गावचा शिकारीचा इतिहास सांगायचा तर तोही कमी नाही की, शाहू महाराजांच्या काळात इथं चित्ते पाळून काळविटाची शिकार व्हायची, त्यासाठी वेगळे चित्तेवान होते, सोनतळी कॅम्पाचं नाव अजून निघतं. ते त्याला माहीतच नव्हतं.

असो, कुत्री. हा माणूस तोंड बंद करून कुत्री चालवून दाखवतो तेव्हा मात्र मानलं पाहिजे. त्यानं पिल्लांची आई बाहेर काढली, फिकट बदामी रंगाची, आणि शेडपुढच्या मुरमाच्या रस्त्यावर सैल दोरीनं चालवत नेली. कारवानीची चाल बघायची ती अशी, पुढचे पाय उचलून टाकत, चारी पाय मोकळे, वरातीतल्या घोड्यासारखी, पण नखरा नाही, एका ढांगेत भरपूर जमीन मागं जाते. ही जात वासावर नाही, नजरेवर शिकार करते, ससा उठला की डोळ्यासमोर ठेवून पळवत न्यायचा, त्यामुळं अख्खं शरीर पळण्यासाठीच बनलेलं आहे आणि तेच बघून घ्यायचं असतं.

डोकं लांब आणि निमुळतं, कानांच्या मधे थोडं रुंद, जबडा लांब पण ताकदीचा, वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले, त्यानं ओठ उचलून दाखवले. नाक मोठं आणि काळं. डोळे मोठे, अंड्याच्या आकाराचे, गडद. मान लांब आणि कसलेली, गळ्याखाली कातडं लोंबायला नको. पुढचे पाय सरळ लांब, छाती खोल पार कोपरापर्यंत उतरलेली, आणि तिथनं पोट एकदम वर खेचलेलं. पाठ लांब आणि रुंद, मागच्या मांड्या भरलेल्या. शेपूट खाली बसवलेली, बुडाशी जाड, टोकाकडं बारीक होत सहज वळण घेणारी. उंची नराची साधारण 26 ते 28 इंच, मादी थोडी कमी. अंगावरची लव आखूड आणि तलम, कान-शेपटीला लांब केसांची झालर असली तर तो पश्मी, म्हणजे झालरवाला प्रकार. रंग कुठलाही चालतो, त्यामुळं "पांढरा रेअर आहे" म्हणून चार हजार जास्त मागितले तर देऊ नका, इथंही मागत होता. बरगड्या आणि कमरेची हाडं थोडी दिसतात ते उपाशी ठेवल्यामुळं नव्हे, आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही, ती गुपचूप भाकरी घालते.

मी पाठीवर हात ठेवायला गेलो तर मादी बाजूला सरकली. मालक म्हणाला राहू द्या, अनोळखी हात हिला चालत नाही. हे खरंय, ही जात लगेच अंगाशी येणारी नाही, लॅब्रॅडॉरची सवय असलेल्यांना तुसडी वाटेल. ते चांगलंच लक्षण समजा.

आता तक्रारी. शेडमध्ये मागं एक काळा नर होता, दिसायला जबरदस्त, जरा जास्तच. मांड्या भरीव, छाती रुंद आणि कान मागं दुमडून मानेला चिकटलेले. कारवानीचे कान खाली पडून डोक्यालगत राहतात, हे असे मागं वळलेले कान म्हणजे ग्रेहाउंड. विचारलं तर म्हणाला "सुधारलेली लाईन हाय." शर्यतीवाल्यांना वेग पाहिजे म्हणून असले क्रॉस सर्रास होतात आणि कारवानी म्हणून विकले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. क्रॉस विका की, पण क्रॉस सांगून विका, आणि भाव तेवढाच लावा. दुसरं, पिल्लू सव्वा महिन्याचं असतानाच घेऊन जा म्हणून मागं लागला. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या सरकारी नियमात आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि नियम सोडा, आईजवळ राहिलं की पिल्लू चावण्याची मर्यादा शिकतं. मी थांबलो, तो कुरकुरला पण त्यानं पिल्लू ठेवलं आणि पहिली लस पण केली, हे त्याच्या बाजूनं. तिसरं म्हणजे केनेल क्लबचा कागद, पिल्लाच्या जातीच्या नोंदणीचा. घेताना "येईल की पोस्टानं" आणि नंतर फोन केला की ऑफिसचं नाव पुढं. अजून आलेला नाही. पैसे घेताना मात्र गुगल पे लगेच वाजलं.

कागद नक्की पाहिजेच असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, आधी तिथं चौकशी करा. 2016 मध्ये सैन्यानं मेरठला ट्रेनिंगसाठी हीच जात घेतली आणि 2020 ला मन की बातमध्ये नाव आलं, तेव्हापासून ज्याच्याकडं दोन लांब पायाची कुत्री आहेत तो केनेलवाला झालाय.

राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट असेल तर कृपा करून घेऊ नका. रोज मोकळं पळायला जागा पाहिजे, कुंपण उंच पाहिजे, आणि एकदा मांजर नजरेला पडलं की तुमची हाक ऐकू येत नाही. रानात सशामागं सोडायचा विचार असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. आपल्या पावसात अंगाला चरबी नसल्यामुळं गारठतं, गगनबावड्याकडं न्यायचं असेल तर कोट लागतो. ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, असल्या सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं जड जातात, शुद्धीवर यायला वेळ लागतो.

माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या बदामी मादीसाठी. तिचं पुढचं वेत दिवाळीनंतर आहे म्हणतो, जायचं असेल तर आधी फोनवर नर कुठला लावलाय ते विचारा, काळा म्हणाला तर पेट्रोल घालवू नका.