सीपी चेअर: शिबिरातली की सुताराकडची, आणि घरात ती पडून का राहते

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडणं) असलेलं, आधाराशिवाय बसू न शकणारं मूल घरात असेल तर पहिली घ्यायची वस्तू म्हणजे बसायची खुर्ची. थेरपीवाले तिला सीपी चेअर म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ती दोन वाटांनी मिळते: एडिप योजनेच्या (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) शिबिरातून, नाहीतर आपल्या सुताराकडून करून. तरी कित्येक घरांत तिच्यावर धुणं पडलेलं दिसतं. त्यातली निम्मी कारणं मापात आहेत, निम्मी घरच्यांच्या मनात.

मनातलं आधी. खुर्ची घेतली म्हणजे पोरगं चालणार नाही हे कबूल केलं, असं आईबापाला वाटतं. आजी म्हणते, ‘याना बाप बी उशिराच चालना व्हता.’ मग मालिश, भगत, मुंबईच्या फेऱ्या, आणि कुणीतरी सांगितलेलं स्टेम सेलचं महागडं इंजेक्शन. सीपीवर स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो फक्त संशोधनाच्या चाचणीत देता येतो, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. त्यासाठी शेत गहाण टाकायची वेळ आलीच तर एवढं आठवा. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण भरूनही येत नाही. बदलतात ते स्नायू आणि सांधे, आणि तिथेच खुर्ची कामाला येते.

खुर्चीने पाय आखडतील, ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. दिवसभर बसवून ठेवलं तर गुडघ्यामागचे स्नायू आखडतातच. म्हणून सुरुवात 10-15 मिनिटांनी, हळूहळू अर्धा तास, दिवसातून तीन-चारदा. मधल्या वेळात पालथं झोपवणं आणि थेरपिस्टने सांगितलं असेल तर उभं करणं.

आता माप. मुलाला कडक पाटावर उताणं झोपवून कंबर आणि गुडघे काटकोनात वाकवा. ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोजा. त्यातून 2-3 सेंमी वजा केली की बैठकीची खोली मिळते. रुंदी म्हणजे कमरेची रुंदी अधिक 2-3 सेंमी. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायफळीची उंची. बूट किंवा स्प्लिंट (पायाला आधाराची पट्टी) घालत असेल तर ते घालूनच मोजायचं. ट्रे कोपराच्या उंचीला. मान धरत नसेल तर खुर्चीची पाठ डोक्याच्या वरपर्यंत हवी, धरत असेल तर खांद्यापर्यंत पुरते.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘दोन वर्षं पुरेल’ म्हणून मोठी करून घेणं. बैठक खोल झाली की ढुंगण मागे टेकत नाही, पाठीचा बाक निघतो, मूल ताठ होतं आणि जोर देऊन खाली घसरतं. मग घरचे छातीला ओढणी बांधतात. ती घसरून गळ्यापर्यंत येते. हे जिवावर बेतू शकतं. पट्टा कमरेला, मांडी आणि पोटाच्या घडीत, साधारण 45 अंशांत खाली-मागे ओढलेला हवा. पोटावर नाही. पायांची कात्री होत असेल तर गुडघ्यांच्या मध्ये गादी लावलेला ठोकळा लागतो, आणि तो बैठकीच्या पुढच्या कडेला. पुष्कळ सुतार तो मागे, जांघेत बसवतात. ठोकळ्याचं काम गुडघे लांब ठेवायचं. घसरणं थांबवायचं काम पट्ट्याचं.

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या खुर्चीला 18 मिमी प्लायवूडची अर्धी शीट पुरते. खिळे नकोत, स्क्रू लावा. पायफळीला दर 2 सेंमीवर भोकं पाडून घेतली की मूल वाढेल तशी ती खाली सरकवता येते. बैठकीवर कडक फोम; मऊ गादीत कंबर एका बाजूला कलते. रेक्झिन पुसायला बरं, पण खान्देशातल्या मे महिन्यात त्यावर घामोळं उठतं, म्हणून वरून जुन्या सुती साडीचं धुता येणारं कव्हर शिवा.

शिबिरातल्या खुर्चीला पैसे पडत नाहीत किंवा कमी पडतात (महिन्याचं उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मोफत, 30,000 पर्यंत निम्मी किंमत), आणि ती टिकाऊ असते. अडचण अशी की ती ठरावीक आकारांत येते. तीन वर्षांचं किरकोळ पोर तिच्यात हरवतं. पाठीमागे फोमचा जाड तक्ता आणि दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घट्ट वळकट्या भरल्या की बहुतेक वेळा काम भागतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला आधी करून ठेवा. माप घ्यायला जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी केंद्र (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) गाठा, तिथे पैसे लागत नाहीत. आकडे कागदावर लिहून मागा आणि तोच कागद सुताराला द्या.

खुर्चीचा खरा फरक जेवताना दिसतो. एरवी आई पाय पसरून बसते, पोराची मान तिच्या कोपरावरून मागे कललेली, आणि वाटीने वरणाचं पाणी तोंडात सोडलं जातं. ठसका ठरलेला. मान मागे असली की पातळ पदार्थ श्वासनळीत उतरायला वेळ लागत नाही. सारखा कफ आणि पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया याचं एक मोठं कारण हेच. खुर्चीत कंबर मागे, तळवे टेकलेले, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, तोंडाच्या उंचीला. कुस्करलेलं केळं किंवा घोटलेली खिचडी अर्धा चमचा, जिभेच्या मध्यावर हलकं दाबून. ओठ मिटेपर्यंत थांबायचं, वरच्या दातांवर चमचा खरवडायचा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

घरचे आधी मनाने तयार होतील आणि मग खुर्ची येईल, असा क्रम क्वचितच असतो. समोर बसलेलं पोर घास मागायला तोंड उघडतं, ट्रेवरचा खुळखुळा ढकलतं, बापाकडे बघून हसतं, तेव्हा आजीचाही सूर बदलतो. चालण्याची आशा सोडा असं कुणी सांगायची गरज नसते, आणि सांगूही नये; मूल चालेल का याचा अंदाज थेरपिस्टला जीएमएफसीएसच्या (सीपी असलेलं मूल किती हालचाल करू शकतं ते मोजायची पद्धत) पाच पातळ्यांवरून, साधारण दोन वर्षांच्या वयानंतर, बऱ्यापैकी बांधता येतो.

उठवल्यावर कंबर, पाठ, टाचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे दाब पडतोय, फोम बदला. दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्या. एक मांडी दुसरीपेक्षा आखूड दिसायला लागली किंवा पाय फाकवताना मूल रडायला लागलं, तर खुर्ची दुरुस्त करत बसू नका. खुबा जागेवरून सरकतोय का ते बघायला त्याचा एक्स-रे काढा.