पंगत की बुफे? सांगलीकडच्या लग्नात जेवण कुठे रंगतं

आचारी तोच, मसाला तोच, तरी सांगली-मिरजेकडच्या लग्नात पंगतीतलं जेवण वेगळं लागतं आणि बुफेतलं वेगळं. सगळा खेळ वेळेचा.

मसालेभात घ्या. 100 पानांना साधारण 7-8 किलो तांदूळ. पंगतीला आंबेमोहोर उत्तम: पातेलं उतरवून 15 मिनिटं मुरू द्यायचं आणि थेट पानात वाढायचं, वर तूप, ओलं खोबरं, कोथिंबीर. हाच भात बुफेच्या गरम भांड्यात तासभर झाकून राहिला की वाफेवर शिजतच राहतो. तोंडली विरघळतात, भाताचा गिचका होतो. बुफेसाठी जुना कोलम घ्यावा, पाणी जरा कमी ठेवावं आणि दोन पातेली अर्ध्या तासाच्या अंतराने चढवावीत. वांग्याच्या भाजीचं तसं नाही; ती मुरलेलीच बरी.

जिलेबीत मात्र बुफे सरळ जिंकतो. कढई समोरच मांडता येते. पंगतीत ती आधी तळून झाकून ठेवतात, वाफ धरते, कुरकुरीतपणा जातो. झाकायचीच असेल तर जाळीने झाका.

पंगत बिघडते ती वाढप्यांमुळे. 50 पानांना 5-6 जण हवेतच, नाहीतर मठ्ठा येईपर्यंत पाहुणे हात धुवायला उठलेले असतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आधी वाढावी; पुऱ्या सगळे बसल्यावरच.

300 पानांपर्यंत आमचं मत पंगतीला. त्यापुढे तिसऱ्या पंगतीचे लोक खुर्च्यांमागे येऊन उभे राहतात, आणि जेवणाऱ्याला घास जात नाही.