अडकलेला गिअर, बदललेली केबल: आउटबोर्ड इंजिनाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, गिअर पडत नाही म्हटलं की बहुतेकांचं बोट थेट खालच्या गिअरबॉक्सकडे जातं. लगेच खर्चाचे आकडे ऐकू येतात आणि कुणीतरी जुनं इंजिन काढून टाकायचा सल्लाही देतं. दुरुस्ती करून काही महिने इंजिन खाऱ्या पाण्यात रोजच्यासारखं वापरल्यानंतर माझं मत पक्कं झालं आहे: गिअरची लिव्हर आणि पाण्यातला पंखा (प्रॉपेलर) यांच्यामध्ये नेमकं कुठे अडलंय हे शोधल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू नये. माझ्याकडे मूळ दोष केबलमध्ये होता. दुसरा, लहानसा दोष खाली निघाला, पण तोही दातेरी चाकांत नव्हता.

इंजिन मध्यम ताकदीचं आहे, बाजूच्या रिमोट बॉक्सवर एकच लिव्हर: आधी गिअर पडतो, पुढे ढकललं की थ्रॉटल उघडतो. काही दिवस लिव्हर जड लागत होती. मग रिव्हर्स उशिरा पडायला लागला आणि शेवटी लिव्हर न्यूट्रलच्या जरा पुढे जाऊन तिथेच बसली. अशा वेळी जोर लावायचा मोह होतो, तो आवरावा. बॉक्सच्या आतले प्लॅस्टिकचे भाग तुटतात, केबलचा दांडा वाकतो आणि एका बिघाडाचे तीन होतात.

शोधायची पद्धत सोपी आहे. पहिल्यांदा स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवा आणि सेफ्टी स्विचची दोरीही काढा. पंख्याजवळ हात जाणार असतो, त्यामुळे यात सूट नाही. मग वरचं झाकण काढून इंजिनाच्या बाजूला केबलचं टोक जिथे शिफ्टच्या दांड्याला जोडलेलं असतं तिथली पिन काढा. आता दोन भाग वेगळे झाले. एकीकडे लिव्हर आणि केबल, दुसरीकडे इंजिनाचा दांडा, शिफ्टचा उभा शाफ्ट आणि गिअरकेस (खालचा गिअरबॉक्स). लिव्हर हलवून बघा, मग इंजिनावरचा दांडा हाताने हलवून बघा. जो भाग अडतो तो गुन्हेगार.

दांडा हलवताना दुसऱ्या कुणाला तरी पंखा हळूहळू फिरवायला सांगा. गिअरकेसमध्ये पुढचं आणि मागचं अशी दोन चाकं पिनियनमुळे (त्यांना फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकामुळे) कायम उलटसुलट फिरत असतात आणि त्यांच्यामधला डॉग क्लच (दात असलेला जोडतुकडा) पंख्याच्या शाफ्टवरच्या स्प्लाइनवर (लांबट खाचांवर) सरकून एकाला धरतो. बंद इंजिनात डॉगचे दात समोरच्या दातांवर आडवे येऊ शकतात. मग सगळं ठीक असूनही गिअर पडत नाही आणि माणूस उगाच गिअरबॉक्स उघडतो. पंखा किंचित फिरला की दात जागेवर येतात आणि ‘टक’ असा आवाज होऊन गिअर बसतो. न्यूट्रलमध्ये पंखा दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे.

माझ्याकडे केबल सुटल्यावरही लिव्हर जागची हलेना. खालचा दांडा हलत होता, जरा जड, पण हलत होता. म्हणजे मुख्य दोष केबलमध्ये. जुनी केबल काढून इंजिनाकडचं टोक सोडवलं तेव्हा कारण डोळ्यांनी दिसलं. स्टीलचा दांडा ज्या नळीत सरकतो तिथलं जुनं ग्रीस डांबरासारखं कडक झालं होतं आणि टोकाचं रबर फाटून पाणी आत शिरलं होतं. पुढे आतल्या तारेवर तपकिरी गंज. बाहेरचं आवरण एके ठिकाणी फुगलेलं, बोटांनी दाबलं तर आत करकर जाणवायची.

अशा केबलमध्ये तेल सोडून ती मोकळी करायचे उपाय सुचवले जातात. माझ्या मते त्यात वेळ घालवू नये. गंज सोडवणाऱ्या स्प्रेने ती कदाचित एखाद दिवस हलेल, पण आतली अस्तराची नळी फुगलेली असते आणि तारेचे धागे तुटायला लागलेले असतात. ती पुन्हा अडकेल ती नेमकी धक्क्याला लागताना, रिव्हर्स हवा असेल तेव्हा. केबल हा बदलायचाच भाग आहे.

नवी केबल घेताना जुन्या आवरणावरचा छापील नंबर वाचा. लांबी त्यावर असते. छाप पुसला असेल तर लिव्हरपासून इंजिनापर्यंत केबल जाते त्याच वाटेने मोजा, सरळ रेषेत नव्हे. दोन्ही टोकांची जोडणी इंजिनाच्या आणि बॉक्सच्या बनावटीप्रमाणे वेगळी असते, तेही जुळवून घ्या. बसवताना तीव्र वळण टाळा. नेहमीच्या शिफ्ट केबलला साधारण 8 इंचांपेक्षा लहान त्रिज्येचं वळण सोसत नाही. इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि वर उचलूनही केबल ताणली जात नाही ना, ते बघा. माझी नवी केबल पहिल्या दिवशी अपेक्षेपेक्षा जड वाटली. बॅटरीच्या पेटीमागून नेलेलं वळण मोठं केलं आणि जडपणा निम्म्याहून कमी झाला.

समायोजन हा या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात जास्त उरकला जाणारा. केबलच्या टोकाजवळ आट्यांवर फिरणारा पितळी तुकडा असतो. लिव्हर न्यूट्रलमध्ये, इंजिनावरचा दांडाही न्यूट्रलच्या खाचेत, आणि तुकडा फिरवत जायचा, जोपर्यंत तो कुठेही न खेचता आपल्या जागेत बसत नाही. मग पुढे आणि मागे गिअर टाकून दोन्हीकडे डॉग पूर्ण बसतो का ते पंखा फिरवून तपासायचं. एका बाजूला अर्धाच बसला तर जोर पडल्यावर तो सुटतो, आपटतो आणि दातांचे कोपरे गोल होतात. त्यानंतर मात्र खरंच गिअरकेस उघडावा लागतो.

केबल बदलून काही फेऱ्या झाल्यावर रिव्हर्स अजूनही थोडा ओढून टाकावा लागत होता. तो जो खालचा जडपणा आधी जाणवला होता, तोच. म्हणून खालचा भाग उतरवला. तो कुठल्या गिअरमध्ये ठेवून काढायचा आणि शिफ्टचा शाफ्ट कुठे सोडवायचा हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं, पुस्तिका बघितल्याशिवाय हात लावू नका. बऱ्याच इंजिनांत एक बोल्ट ट्रिम टॅबच्या (पंख्याच्या वरच्या लहान पात्याच्या) आड लपलेला असतो. टॅब काढण्याआधी त्याच्या कोनाची खूण करून ठेवा. अॅल्युमिनियममध्ये बसलेले स्टेनलेसचे बोल्ट खाऱ्या पाण्याने चिकटतात. त्यांना रात्रभर तेल मुरू द्या, थोडी उष्णता द्या, घट्ट-सैल असं हळूहळू करत काढा. डोकं तुटलं तर एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

शिफ्टचा उभा शाफ्ट गिअरकेसमध्ये शिरतो तिथल्या बुशभोवती (शाफ्टला आधार देणाऱ्या नळकांड्याभोवती) पांढरी भुकटी जमली होती. हा अॅल्युमिनियमचा गंज. तो फुगतो आणि बुशला आतून आवळतो, म्हणून शाफ्ट जड फिरतो. बुश काढण्याआधी गिअर ऑइल काढलं. ते दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी आत गेलं नव्हतं. चुंबकाच्या प्लगला बारीक राखाडी लेप होता. तो नेहमीचा, पण कपच्या दिसल्या असत्या तर पुढे उघडावंच लागलं असतं. बुशची जागा साफ केली, बुश आणि ओ-रिंग नवी टाकली, मरीन ग्रीस लावून शाफ्ट परत बसवला. काही इंजिनांत हा शाफ्ट आट्यांनी खाली बसतो आणि त्याची उंची ठरलेली असते. तिथे अर्ध्या फेऱ्याच्या फरकाने न्यूट्रल सरकतो, म्हणून काढण्याआधी मोजून ठेवा.

खालचा भाग उतरवलाच होता, तर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलरही (आतलं रबरी चाक) बदलला. इंजिनाची ताकद खाली नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या स्प्लाइनला ग्रीस बाजूंना लावा, माथ्यावर नको, नाहीतर ते वर दाबलं जाऊन शाफ्ट पूर्ण बसत नाही. पाण्याची नळी पंपात नीट शिरली का, ते बसवतानाच बघा. ऑइल खालच्या भोकातून भरत वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा प्लग लावायचा, मग नळी काढून खालचा. दोन्ही प्लगचे वॉशर नवे हवेत. भरण्याआधी गिअरकेसला पुस्तिकेत दिलेल्या दाबाची हवा देऊन ती टिकते का हे तपासून घेतलं. नव्या ओ-रिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं.

त्यानंतरचे महिने. लिव्हर आता दोन बोटांनी जाते, न्यूट्रलची खाच हाताला स्पष्ट कळते. धक्क्याला लागताना पुढे-मागे भराभर करावं लागतं तेव्हाही ती अडखळली नाही. सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर समायोजन पुन्हा तपासलं तेव्हा पितळी तुकडा पाव फेरा सरकवावा लागला, पुढे गरज पडली नाही. ऑइल एकदा लवकर बदलून बघितलं, तेही स्वच्छ निघालं. गार इंजिनावर पहिला गिअर अजून जरा ठणकन पडतो. त्याचं कारण शिफ्टमध्ये नाही, गार असताना आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग) चढलेला असतो. इंजिन तापून आयडल पुस्तिकेतल्या आकड्यावर आला की आवाज जातो.

गिअर टाकण्याची सवयही मी बदलली. पूर्वी गिअर हळूच, सांभाळून टाकणं सौम्य वाटायचं. डॉग क्लचला ते मानवत नाही, दात एकमेकांवर खरडत राहतात. आयडलवर, एका ठाम झटक्यात, न थांबता टाकायचा. पुढून मागे जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं, इंजिनाचा वेग खाली आला की मगच पुढचा झटका.

देखभाल फार नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, केबलच्या उघड्या दांड्यावर आणि जोडांवर मधूनमधून ग्रीस, टोकाचं रबर फाटलंय का ते पाहणं. बोट बराच काळ उभी राहणार असेल तर अधूनमधून पंखा फिरवत लिव्हर पुढे-मागे करतो, म्हणजे बुश एका जागी चिकटत नाही.

ज्यांच्या इंजिनात शिफ्ट इलेक्ट्रॉनिक आहे त्यांना यातलं केबलचं काहीच लागू नाही. ज्यांच्या ऑइलमध्ये पाणी किंवा धातूच्या कपच्या निघतील, किंवा गिअर पडूनही जोरात असताना सुटत असेल, त्यांनी केबलवर समाधान मानू नये, गिअरकेस जाणकार मेकॅनिककडे द्यावा. बाकीच्यांनी ती एक पिन काढून बघावी. पाना, पक्कड आणि अर्धा तास पुरतो.