आकडा खरा होता, पण दुसऱ्याच कॅमेऱ्याचा

२०२२ च्या मे महिन्यात मी पुण्यातल्या एका दुकानातून निकॉन डी७५० या डिजिटल कॅमेऱ्याची सेकंडहँड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ५८,००० रुपयांना घेतली. जुलैच्या सुरुवातीला, पुरंदवड्याच्या गोल रिंगणात, माउलींचा अश्व वळण घेऊन समोर येत असताना तिचं शटर बंद पडलं. हा अनुभव सविस्तर लिहितेय, कारण रोलच्या काळात फोटो काढलेले आणि आता नोकरीतून मोकळं झाल्यावर पुन्हा कॅमेरा हातात घेऊ पाहणारे पुष्कळ जण आहेत. आपल्याला फसवणं सोपं आहे. आपल्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही म्हणून नव्हे, कळतं म्हणून.

१९९१ साली पगारातून पैसे साठवून मी निकॉन एफएम२ घेतला होता. सगळं यंत्र स्प्रिंगवर चालणारं, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरते. सोबत ५० एमएम आणि १०५ एमएम अशा दोन लेन्स. दरवर्षी आषाढी वारीत काही टप्पे चालायचे, काळेपांढरे रोल काढायचे आणि घरी मोरीला काळं कापड लावून रात्री धुवायचे. हे २००३ पर्यंत चाललं. मग आईचं आजारपण, मुलीची दहावी-बारावी, बदली, आणि कॅमेरा कपाटात गेला. पण लेन्स मी सांभाळल्या होत्या. दर पावसाळ्यात डबा उघडून सिलिका जेल बदलायचे, त्यामुळे बुरशीचा एक ठिपकाही लागला नव्हता.

त्या लेन्ससाठीच मला डी७५० हवा होता. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकवायची जागा, १९५९ पासूनचा, त्यामुळे माझ्या लेन्स या माउंटच्या नव्या बॉडीवर बसतात. मात्र स्वस्तातल्या छोट्या बॉडींवर अशा हाताने फोकस करायच्या लेन्सला मीटर मिळत नाही. डी७५० वर लेन्सची माहिती मेनूत भरली की मीटर चालतो. शिवाय त्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग, रोलच्या चौकटीएवढा, २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे माझी पन्नासची लेन्स पन्नासचीच राहणार होती, तिच्यातून दिसणारं दृश्य आकसणार नव्हतं. हा सगळा अभ्यास मी नीट केला होता. चूक त्याच्यापुढे झाली.

दुकानात मी बॉडी हातात घेतली आणि तीस वर्षांपूर्वी घेतली असती तशीच तपासली. रबर घट्ट बसलंय का, माउंटवर झीज आहे का, आरसा सरळ उठतो का, शटरचा आवाज सगळ्या वेगांना स्वच्छ येतो का. टॉर्च लावून आत पाहिलं. पन्नासची लेन्स चढवली, तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवून दुकानाच्या काउंटरचे चार-पाच फोटो काढले. दुकानदार बाजूला हात बांधून उभा होता. म्हणाला, “मॅडम, एफएम२ वापरलेल्या माणसाला मी काय सांगणार? तुम्हीच मला सांगा.” त्या एका वाक्यानं मी प्रश्न विचारायचं थांबले, हे मला आज स्वच्छ दिसतं.

मग त्यानं आपणहून शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, दाखवला. मीच काढलेली एक फाईल कॉम्प्युटरवर टाकली आणि आकडा आला : ११,४००. मी मनात हिशेब केला. छत्तीसचे तीनशे सोळा रोल. माझ्या बारा वर्षांच्या वाऱ्यांत जेमतेम एवढेच रोल संपले असतील. निकॉननं या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, म्हणजे हा कॅमेरा अजून कोवळाच. वर त्यानं, ज्यावर मी ते फोटो काढले होते ते ६४ जीबीचं मेमरी कार्डही “माझ्याकडून भेट” म्हणून दिलं. हातानं लिहिलेली पावती दिली : जुना निकॉन कॅमेरा, रु. ५८,०००, परत घेतला जाणार नाही. पावतीवर अनुक्रमांक नव्हता आणि तो लिहून घ्यावा, हे मला सुचलं नाही.

दोन वर्षं करोनामुळे पायी वारी झाली नव्हती, त्यामुळे त्या वर्षी दिवे घाटात माणसांचा पूर लोटला होता. घाटाचं वळण आणि खालची पालखी दोन्ही स्पष्ट यावं म्हणून मी पहिल्यांदाच एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं तोंड खूप बारीक करून, फोटो काढले. रात्री पाहिलं तर आभाळात डाव्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ आणि आसपास सहा-सात काळसर ठिपके, प्रत्येक फोटोत त्याच जागी. दुकानात हे दिसलं नव्हतं, दिसणारच नव्हतं. धूळ किंवा ओरखडा असतो सेन्सरवरच्या काचेवर. लेन्सचं तोंड मोठं उघडं असलं की त्याची सावली पसरून विरते, बारीक केलं की ठसठशीत उमटते. तोंड पूर्ण उघडं ठेवून फोटो काढून मी नेमकी त्याला लपायला जागा दिली होती. आणि मला हे उमगायला हवं होतं की रोलच्या कॅमेऱ्यात दर छत्तीस फोटोंना आपण कोरी फिल्म घालत होतो. इथे फिल्म आतच बसवलेली आहे. सेकंडहँड बॉडी घेणं म्हणजे आधीच्या माणसानं वापरलेली फिल्मसुद्धा विकत घेणं.

जेजुरीच्या मुक्कामात भाच्याच्या लॅपटॉपवर फोटो उतरवताना दुसरा धक्का बसला. पहिले दोनशे ऐंशीच्या आसपास फोटो ठीक, पुढचे अर्धे करडे किंवा उघडतच नाहीत. कार्डावर ६४ छापलं होतं, आत जागा होती ८ जीबीची. कार्डाच्या आतली नोंद बदलून ते जास्त जागा सांगतं, भरल्यावरही फोटो घेतल्यासारखं दाखवतं आणि घेत काहीच नाही. सासवडच्या वाटेवर एका म्हाताऱ्या वीणेकऱ्याचे मी बारा फोटो काढले होते. त्यातला एकही नाही. छत्तीसच्या रोलनं मला कधी छत्तीसपेक्षा कमी दिले नव्हते. नवं कार्ड, कोणीही दिलेलं असो, एकदा पूर्ण भरून आणि परत वाचून पाहा. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ नावाचे फुकट प्रोग्रॅम हेच काम करतात. वेळ लागतो, पण रात्रभर लावून ठेवता येतं.

कार्ड भाच्याचं घातलं. बॉडीवरचा माझा विश्वास तरीही तसाच होता. आणि मग पुरंदवडे. टाळ थांबले होते, रिंगण मोकळं झालं होतं, स्वाराचा अश्व एक फेरी मारून गेला आणि माउलींचा अश्व त्याच्यामागे सुटला. मी बटण दाबलं, एक जडसर आवाज आला, व्ह्यूफाइंडर काळा. वरच्या छोट्या पडद्यावर एररची अक्षरं लुकलुकत होती. आरसा वर अडकलेला. लोक त्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावत होते आणि मी तिथे उभी राहून बंद कॅमेरा चालू-बंद करत होते. नंतर मीही वाकून माती कपाळाला लावली. कॅमेरा पिशवीत टाकला आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर काढला नाही.

पुण्यात परतल्यावर एका जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे गेले. त्यांनी बॉडी उलटसुलट केली आणि पाच मिनिटांत विचारलं, “लग्नातला आहे का हो हा?” मला काही दिसेना. त्यांनी हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच दाखवली. फ्लॅश हजारदा घालून-काढून दोन्ही कडांचा काळा रंग उडाला होता. रबर नवंकोरं होतं, पण त्याच्या शेजारच्या स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे. मी नवं रबर पाहून खूश झाले होते, त्यांना नवं रबर पाहूनच शंका आली.

मग त्यांनी माझी फाईल एक्झिफटूलमध्ये, म्हणजे फोटोच्या फाईलमधली माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. निकॉनच्या फाईलमध्ये शटर काउंट असतो तसा कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही असतो. फाईलमधला क्रमांक एक, बॉडीच्या पट्टीवरचा दुसराच. बॉडी एका कॅमेऱ्याची, आतला मुख्य बोर्ड दुसऱ्याचा, आणि क्लिक मोजणारा आकडा बोर्डासोबत येतो. कुठलासा कमी वापरलेला डी७५० पडून फुटला असणार, त्याचा बोर्ड काढून या झिजलेल्या बॉडीत घातला, असा त्यांचा अंदाज. ११,४०० हा आकडा खोटा नव्हता. तो या शटरचा नव्हता. या शटरचे किती झाले असतील ते आता कोणीच सांगू शकत नाही. नव्या शटरचे त्यांनी सोळा हजार सांगितले, ओरखड्याची काच वेगळी.

त्यांनीच आणखी एक सांगितलं, ते डी७५० घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. या मॉडेलच्या सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांच्या शटरमध्ये दोष असल्याचं निकॉननं २०१५ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं आणि पुढे ती यादी वाढवली. यादीत कॅमेरा आहे का, हे अनुक्रमांकावरून कळतं. पण ते पाहायला आधी अनुक्रमांक खरा हवा.

दुकानदाराला भेटले तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. “तुम्हीच बघून घेतलात ना? आणि हा कॅमेरा माझ्याकडचाच कशावरून?” पावतीवर क्रमांक नव्हता, त्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडे कागदावरचं उत्तर नव्हतं. उत्तर निघालं ते त्या भेट दिलेल्या कार्डातच. काउंटरचे ते पहिले फोटो सुरुवातीचे असल्यामुळे वाचले होते. त्यांत दुकानाचं काउंटर दिसत होतं आणि फाईलच्या पोटात तारखेसह बोर्डाचा क्रमांक होता, जो आजही त्याच बॉडीत आहे. ते छापून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस दिली. अडीच महिन्यांनी ३०,००० रुपये परत आले. बाकीचे गेले. पुढे ग्राहक आयोगात जायचं बळ मला त्या वेळी झालं नाही, आणि त्याची रुखरुख आहे, कारण ते दुकान चालूच आहे.

पुढच्या वर्षी मी दुसरा डी७५० घेतला, चिंचवडला एका गृहस्थांच्या घरी जाऊन. लॅपटॉप सोबत नेला होता. आधी माझ्या कार्डावर पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ ला काढला, मग फाईल उघडून क्रमांक बॉडीशी ताडून पाहिला. हे सगळं होईपर्यंत त्या गृहस्थांनी चहा केला. पाहुण्यासारखं बसून त्यांच्या वस्तूवर संशय घ्यायचा, याची मला लाज वाटत होती, तसं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, “घ्या की, त्यात काय. मी पण घेताना असंच केलं होतं.” आणि कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं : बॉडीवरचा क्रमांक, फाईलमधला क्रमांक, काउंट ४१,२००, तारीख, सही. दोन्ही क्रमांक एकच होते.