जुन्या घाटणीचं पिस्तूल घ्यायचंय? १९११, हाय-पॉवर आणि सीझेड ७५ चालवून बघितल्यावर

आधीच सांगतो, ज्यांना एकच पिस्तूल हवंय, फार विचार न करता चालणारं, त्यांनी ग्लॉक किंवा तसलंच काहीतरी पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या, बॉडीचं घ्यावं आणि हे वाचण्यात वेळ घालवू नये. मला ते काळं ठोकळ्यासारखं नको होतं. लोखंडी बॉडी, लाकडाची ग्रिप, मागे डोळ्यांना दिसणारा घोडा, ही हौस आहे म्हणूनच हे सगळं. टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्ड झाल्यावर घरात एक ठेवायचं ठरलं, आणि जमलंच तर कधी कमरेलाही लावता यावं असा विचार होता. रेंजवर भाड्याने घेऊन, मित्रांची मागून, तिन्ही जुनी डिझाइनं मी आणि बायकोने दोघांनी चालवली. दोघांनी हे महत्त्वाचं, का ते पुढे येईलच.

एच-वन-बी वाले विचारतात म्हणून एवढं आधी: नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूकही घेता येत नाही आणि गोळ्याही नाही, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत पण त्यावर उड्या मारण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्याला घेता येतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, आणि पिस्तूल असेल तर वय २१ पूर्ण हवं.

आता १९११. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, अमेरिकन आर्मीने १९११ साली घेतलं म्हणून नावच ते पडलं, आणि १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल होतं. पूर्ण साइजचं, म्हणजे ज्याला गव्हर्नमेंट मॉडेल म्हणतात ते, ५ इंची नळी, रिकामं असताना साधारण १.१ किलो, मॅगझिनमध्ये ४५ कॅलिबरच्या, म्हणजे साधारण ०.४५ इंच जाडीच्या, ७ गोळ्या. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ट्रिगर. बाकीच्या बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर खिळ्यावर फिरतो, याचा सरळ मागे सरकतो, थोडासाच, आणि कट करून सुटतो. बस. ते एकदा अनुभवलं की बाकी सगळं चिखलात पाय टाकल्यासारखं वाटायला लागतं, आणि लोक शंभरी ओलांडलेल्या डिझाइनवर हजारो डॉलर का उधळतात ते कळतं. ४५ चा धक्का लोक सांगतात तेवढा भयानक नाहीये, पिस्तूल जड आहे ना, ढकलल्यासारखं होतं, फटका बसत नाही.

पण हे पिस्तूल शिकावं लागतं. सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे घोडा आधी मागे ओढलेला पाहिजे तरच उडणार, त्यामुळे कमरेला लावायचं तर गोळी चेंबरमध्ये म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला चढलेली, घोडा वर आणि अंगठ्याची सेफ्टी लावलेली अशाच अवस्थेत लावतात. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. प्रत्यक्षात त्याला अंगठ्याची एक सेफ्टी आणि ग्रिपच्या मागे दुसरी, मूठ नीट आवळली नाही तर उडतच नाही, असं दुहेरी कुलूप आहे. पण मग पिस्तूल काढताना अंगठ्याने सेफ्टी खाली करणं हे हाताच्या सवयीत बसलं पाहिजे, डोक्यात आहे म्हणून चालत नाही, रात्री तीनला दचकून उठल्यावर डोकं चालू असतं का कुणाचं?

आणि ती ग्रिप सेफ्टी. बायकोचा हात लहान, तिने रेंजवर जसं शिकवलं तसं अंगठे वर ठेवून धरलं, आणि तळहाताचा मागचा भाग त्या सेफ्टीवर पूर्ण दाबलाच जात नव्हता. "अरे दाबतेय मी, उडतच नाहीये." इन्स्ट्रक्टरने पकड बदलून दिली, मग उडलं, पण दर दोन-तीन राउंडनंतर परत तेच. काही मॉडेलवर त्या सेफ्टीला खाली फुगीर उंचवटा दिलेला असतो, त्याने बराच फरक पडतो, विकत घ्यायच्या आधी हे बघाच. माझ्यासाठी मात्र प्रश्न तिथेच सुटला होता. मी घरी नसताना तिला ते वापरायची वेळ आली आणि मुठीच्या कोनामुळे ते अडलं, तर त्या सुंदर ट्रिगरचं करायचं काय?

म्हणून माझं मत असं की घरासाठीचं पिस्तूल घरातल्या दुसऱ्या माणसाने पसंत करावं. हौशी माणसाने नाही. हौशी माणूस कशाचीही सवय करून घेतो, युट्यूब बघतो, स्प्रिंगा बदलतो. दुसरा माणूस महिन्या-दोन महिन्यातून रेंजवर येणार, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढायला त्याला जोर पडणार, आणि त्याला जे पटकन जमेल तेच खरं. स्लाइडबद्दल एक युक्ती सांगतो, घोडा असलेल्या पिस्तुलात आधी अंगठ्याने घोडा मागे करा आणि मग स्लाइड ओढा, चांगलीच हलकी जाते. हो, नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच, हे सांगायला नको. ९ एमएम मधल्या १९११ ची स्लाइड ४५ पेक्षा हलकी असते, हेही लक्षात ठेवा, आणि गोळ्याही स्वस्त पडतात म्हणजे सराव जास्त होतो. ४५ च्या डब्याचे भाव बघून माणूस सराव कमी करतो, मग ते मोठं भोक पाडणारं काडतूस काय कामाचं.

हाय-पॉवर हे माझं मनातलं. ब्राउनिंगनेच सुरू केलेलं काम, तो १९२६ मध्ये गेला, मग बेल्जियमच्या एफएन कंपनीत द्यूदोने सेव्हने ते पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये बाजारात आलं. ९ एमएम, १३ गोळ्या, त्या काळात हे म्हणजे अचाटच, आणि एवढं असूनही मूठ इतकी बारीक की लहान हातालाही जमते. बायकोने हातात घेतल्या घेतल्या म्हणाली, हे बरंय. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी वापरलं गेलं, कारण कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला आणि इकडे कॅनडात इंग्लिस कंपनीने दोस्तांसाठी बनवायला घेतलं. आपल्याकडे तर हे अनोळखी नाहीच. फौजेत आणि पोलिसांत जे नाइन एमएम पिस्तूल वर्षानुवर्षं दिसतं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं १ए, ते याच घराण्यातलं. माझ्या फौजेतून रिटायर झालेल्या काकांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच रिप्लाय, "हे तर आमचंच! तिकडे दुकानात मिळतं?" मिळतं काका. भारतात साध्या लायसन्सवर ९ एमएम मिळत नाही, प्रोहिबिटेड बोअर म्हणजे बंदी असलेलं माप, ३२ बोअरवर भागवावं लागतं, त्यामुळे त्यांचं आश्चर्य समजण्यासारखं आहे.

जुन्या हाय-पॉवरच्या दोन खोडी. एक, मॅगझिन काढलं की पिस्तूल उडतच नाही अशी यंत्रणा आत आहे, तिच्यामुळे ट्रिगर खरखरीत लागतो आणि मॅगझिनही आपोआप खाली पडत नाही, ओढून काढावं लागतं. दोन, काही हातांना घोडा चावतो, म्हणजे स्लाइड मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधली कातडी घोड्यात चिमटली जाते. मित्राच्या जुन्या बेल्जियम पिस्तुलाने माझ्या हाताचा चांगलाच चावा घेतला. एफएनने हे मॉडेल २०१८ च्या आसपास बंद केलं, मग २०२१ मध्ये स्प्रिंगफील्ड कंपनीने एसए-३५ नावाने आणलं, मॅगझिनवाली यंत्रणा काढली, घोड्याचा आकार बदलला, गोळ्या १५ केल्या, आणि सुरुवातीची छापील किंमत ६९९ डॉलर ठेवली. तुर्कस्तानचं गिरसानही याच साच्यातलं बनवतं, ते आणखी स्वस्त पडतं. एसए-३५ चालवलं, सुंदर आहे, ट्रिगर १९११ एवढा नाही पण जुन्यापेक्षा कितीतरी बरा. तरीही हे सिंगल ॲक्शनच, म्हणजे घोडा वर, सेफ्टी लावलेली, अंगठ्याची तीच कसरत.

मग सीझेड ७५. चेकोस्लोव्हाकियात कौत्स्की भावांनी केलेलं, १९७५ चं, म्हणजे या तिघांत सगळ्यात धाकटं. याची स्लाइड बॉडीच्या बाहेरून न जाता आतल्या खाचेतून पळते, त्यामुळे पिस्तूल हातात खाली बसतं आणि उडाल्यावर तोंड कमी वर जातं. आम्हा दोघांचेही नेम याच्यावर सगळ्यात जवळ-जवळ लागले, मी मनातून १९११ ला मत देऊन बसलो होतो तरी कागदावरची भोकं काही ऐकेनात. पण त्याच कारणामुळे स्लाइडचा बाहेर दिसणारा भाग अरुंद, पकडायला कमी, घामेजल्या हाताने ओढताना निसटतो. वर सांगितलेली घोड्याची युक्ती इथे खरी कामाला येते.

याचं मोठं काम म्हणजे डबल ॲक्शन. घोडा खाली असतानाही ट्रिगर पूर्ण ओढला की उडतं, पहिली ओढ लांब आणि जड, नंतरच्या हलक्या. नेमबाजीची हौस असलेले या लांब ओढीला नाकं मुरडतात. घरासाठी मला तीच आवडली, कारण घाबरलेल्या बोटाला ती जड ओढ थोडा विचार करायला लावते, आणि काढताना अंगठ्याने काही करायचं नसतं. फक्त एक बघून घ्या, सेफ्टीवालं मॉडेल आणि डिकॉकरवालं मॉडेल वेगवेगळी असतात. सेफ्टीवाल्यात भरलेल्या चेंबरवर घोडा खाली आणायचा तर अंगठ्याने धरून ट्रिगर दाबत हळूच सोडावा लागतो, जे मला अजिबात करायचं नाहीये आणि बायकोला तर नाहीच नाही. डिकॉकरवाल्यात खटका दाबला की घोडा आपला सुरक्षित खाली येतो. आम्ही घेतलं ते पीसीआर, छोटं, ॲल्युमिनियम बॉडीचं, डिकॉकरवालं, चेक पोलिसांसाठी बनवलेलं म्हणून त्यांच्याच नावाची अक्षरं. पसंती बायकोची. पैसे माझे. पूर्ण साइजचं ७५ बी एक किलोचं आहे, ते फक्त घरातच राहणार असेल तर आणखी उत्तम, धक्का अजून कमी.

कमरेला लावायचं गणित वेगळं आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी मी लायसन्सचा क्लास केला, कारण बाकी राज्यांत जाताना उपयोग होतो आणि कायदा एकदा तरी कुणीतरी समोर बसवून शिकवलेला बरा. दारावर कायद्याच्या ३०.०६ किंवा ३०.०७ कलमाची पाटी असेल तर लायसन्सवाल्यालाही आत नेता येत नाही, पहिली लपवलेल्यासाठी, दुसरी उघड लावलेल्यासाठी. आणि इथे १९११ अचानक जिंकतं बरं का. जड आहे पण पातळ आहे, गोळ्या एकाच रांगेत असतात ना, शर्टाखाली सपाट बसतं. सव्वाचार इंची नळीचं कमांडर साइज, हलक्या बॉडीचं, ९ एमएम मध्ये, हे मला कमरेसाठी या सगळ्यात उत्तम वाटलं. तीन-साडेतीन इंची बुटकी १९११ मात्र टाळा. डिझाइन ५ इंचासाठी केलेलं, तोकडं केलं की स्लाइडचा प्रवास कमी होतो, स्प्रिंग कडक लागते, आणि गोळी चढताना अडकायला लागते. भाड्याने घेतलेलं असंच एक, ब्रँड नाही सांगत, हॉलो पॉइंट, म्हणजे तोंडाशी पोकळ असलेल्या गोळ्या, घातल्यावर सारखं अडकत होतं आणि साध्या गोल तोंडाच्या गोळ्यांवर व्यवस्थित. मूळ १९११ गोल तोंडाच्या गोळ्यांसाठीच जन्मलेलं, त्यामुळे जे काही घ्याल त्यात तुम्ही घरी भरणार असाल त्याच गोळ्या भरपूर उडवून बघा, रेंजच्या स्वस्त गोळ्यांवर सर्टिफिकेट देऊ नका.

उन्हाळ्यात घामाने काळं पॉलिश केलेलं लोखंड गंजतं, ह्यूस्टनकडच्या दमट हवेत तर फारच. स्टेनलेस घ्या नाहीतर रोज पुसायची तयारी ठेवा. साफसफाईत सीझेड आणि हाय-पॉवर सोपी. १९११ उघडताना पुढचा स्प्रिंगचा प्लग निसटला तर थेट छताला, डोळ्यांना चष्मा लावूनच बसा.

घरातल्या वापराबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि दोन्हीकडून जिप्समचा बोर्ड, आपल्या विटांच्या भिंतींसारखं नाही. ९ एमएम असो की ४५, हॉलो पॉइंट असली तरी, चुकलेली गोळी दोन-तीन भिंती सहज पार करते. आम्ही आधी घरात रिकाम्या हाताने फिरून बघितलं, बेडरूमच्या दारातून कुठल्या दिशेला मुलीची खोली येते, त्या दिशेला काहीही झालं तरी नाही हे दोघांनी ठरवून टाकलं. हातात वेगळा टॉर्चही ठेवतो, कारण या जुन्या घाटणीच्या बहुतेक मॉडेलांना लाइट लावायची रेल नसते, आणि अंधारात कोण आहे हे न बघता ट्रिगरला बोट लावायचा प्रश्नच नाही.

बाकी पैशांचं. रॉक आयलंड किंवा टिसास मध्ये १९११ पाचशे डॉलरच्या आसपास सुरू होतं, कोल्ट हजाराच्या घरात, विल्सन कॉम्बॅट वगैरे तीन हजारांच्या पुढे आणि मग वर आभाळ. स्वस्तातली वाईट नाहीत, मॅगझिन तेवढी चांगली घ्या, १९११ च्या निम्म्या तक्रारी मॅगझिनच्याच असतात. पिस्तुलाखेरीज चांगला होल्स्टर, जाड खास बेल्ट, कानाचे मफ आणि बटणावर उघडणारी छोटी तिजोरी, हे सगळं मिळून आणखी तीन-चारशे धरून चाला. तिजोरीत काटकसर नको, टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर तो तुमच्यावर गुन्हा आहे, आणि मुलगी ड्रॉवर उघडण्याच्या वयाची झाली की कपाटात वर ठेवलं वगैरे काही चालत नाही. आमची तिजोरी आता पलंगाच्या बायकोच्या बाजूला बोल्ट मारून बसवलीय. एसए-३५ साठी माझं अजून घरात लॉबिंग चालू आहे.