तेर द’एर्मेस: मूळ घ्यावा की व्हेटिव्हर?

एर्मेस या फ्रेंच कंपनीचा मूळ ‘तेर द’एर्मेस’ परफ्यूम आणि त्याचाच व्हेटिव्हर प्रकार, या दोघांत अडकला असाल, तर दोन्हींचा वास तुम्ही कुठेतरी घेतलेला असणारच. त्यामुळे बाटली, झाकण, किंमत यावर बोलत नाही.

मूळ परफ्यूम २००६ चा, झाँ-क्लोद एलेना यांचा. आधी संत्रं येतं, तेही गराचं गोड नव्हे. सालीला नख लावल्यावर उडतो तो कडवट फवारा. मागून मिरी, आणि गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा कोरडा, दगडी वास. हा दगडी वास फार कमी परफ्यूम्समध्ये इतका चांगला जमलाय. नुसत्या कसबावर निवडायचं तर मूळच.

‘ओ इंटेन्स व्हेटिव्हर’ क्रिस्टीन नाजेल यांनी २०१८ मध्ये केला. यात संत्र्याच्या जागी बर्गमॉट (लिंबाच्या कुळातलं सुवासिक फळ) नि ग्रेपफ्रूट, आणि सिचुआन मिरी, म्हणजे आपल्या तिरफळाच्या कुळातली. खाली वाळा, म्हणजेच व्हेटिव्हर, पॅचुली या मातकट वासाच्या पानांच्या जोडीने. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरातल्या माणसाला हा वास लगेच जवळचा वाटतो.

माझा निर्णय मात्र एका त्रासामुळे झाला. मूळच्या लाकडी अंगात ‘आयसो ई सुपर’ हे रसायन भरपूर आहे. पुष्कळ परफ्यूम्समध्ये ते असतं, आणि अनेकांचं नाक त्याला चटकन सरावतं. मग लावणाऱ्याला वास येईनासा होतो, शेजारच्याला येतच राहतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने निघालो की दिघा गावापर्यंत माझ्या नाकातलं संत्रं संपलेलं असायचं. ऐरोलीला ऑफिसात पोचेपर्यंत काहीच नाही. आणि शेजारच्या डेस्कवरून विचारणा, “आज काय लावलंयस रे, मस्त आहे!” म्हणजे वास होता, फक्त मला नव्हता. अशा वेळी आणखी एक फवारा मारावा की नाही, हे कळणार कसं? संध्याकाळी गच्च डब्यात सगळे हात वर करून कडी धरून उभे असतात. तिथे अंदाजाने फवारलेलं दुसऱ्याच्या नाकाशी जातं. रोज हा हिशेब करायला मला आवडत नाही.

व्हेटिव्हरचं तसं होत नाही, निदान माझ्या नाकाला. तो हळूहळू उतरतो, पण उतरताना कळतो. रात्री शर्ट काढला की कॉलरला वाळा असतोच.

तुमचं नाक वेगळं असू शकतं, हे मान्य. गाडीने, एसीत जाणाऱ्याला किंवा डिसेंबर-जानेवारीपुरता हवा असेल त्याला मूळ जास्त खुलेल. भर जुलैत व्हेटिव्हरची पॅचुली थोडी जड होते. तेव्हा एकच फवारा, शर्टाच्या आत. पण आपल्याकडच्या घामट हवेत रोज वापरायला एकच बाटली घ्यायची असेल, तर मी व्हेटिव्हरकडे झुकेन.

मॉलमधल्या कागदी पट्टीवर ठरवू नका. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा मारा, बाहेर उन्हात ठाण्याच्या तलावपाळीसारख्या ठिकाणी एक फेरी घाला आणि घरी गेल्यावर पुन्हा हुंगा. सोबत कुणी असेल तर त्यालाही हुंगायला लावा.