पट्टीचा फोटो मागा : मॅक्रो लेन्स घेताना झालेली फसवणूक

वापरलेल्या वस्तू विकायच्या एका संकेतस्थळावर मॅक्रो लेन्सची, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सची, जाहिरात होती. तीत उडी मारणाऱ्या कोळ्याचा फोटो होता. समोरचे दोन मोठे काळेभोर डोळे, त्यांच्या कडेला दोन लहान, आणि भोवतीचे पांढुरके केस एकेक मोजता यावेत इतके सुटे. खाली मजकूर : ‘१०० मिमी मॅक्रो, १:१, फुल-फ्रेम मिररलेसला चालते, अ‍ॅडॅप्टरसह, ऑटोफोकस, काच एकदम स्वच्छ, जवळात जवळ फोकस ०.४५ मीटर.’ फोटो बघून माझं मन ठरून गेलं. पुढची विचारपूस मी केली ती केवळ करायची म्हणून.

त्या एका ओळीत किती गोष्टी खोट्या होत्या आणि त्या घरबसल्या कशा ओळखता आल्या असत्या, हे सविस्तर लिहिते आहे. यातलं निम्मं मला तेव्हाही माहीत होतं, पण घेताना त्याचा वापर केला नाही.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलची फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, आहे. तिच्यासोबतच्या झूमवर मुंगी म्हणजे एक ठिपका. मला मुंग्यांचे पाय, पानाखालची अंडी, फुलाच्या आतला परागकोश हे सगळं जवळून बघायचं होतं. नवी मॅक्रो लेन्स झेपणारी नव्हती, म्हणून वापरलेली घ्यायचं ठरवलं. या निर्णयात चूक नव्हती असं मला आजही वाटतं. मॅक्रो लेन्स नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते.

विक्रेत्याला मी तीन प्रश्न विचारले. १:१ आहे ना, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते ना? ‘हो, पूर्ण मॅक्रो.’ ऑटोफोकस माझ्या बॉडीवर चालेल? ‘अ‍ॅडॅप्टर लावला की चालतो.’ आत बुरशी वगैरे? ‘काहीच नाही मॅडम, कपाटात पडून होती.’ प्रश्न बरोबर होते, पण एकाही उत्तराचा पुरावा मी मागितला नाही. मग तो म्हणाला, संकेतस्थळामार्फत पैसे दिलेत तर त्यांचं कमिशन जातं, थेट पाठवा, तेवढं कमी करतो. मी थेट पाठवले. माल मिळाल्यावर तक्रार करता येते ती सोय संकेतस्थळाच्या व्यवहारालाच होती. ती मी त्या क्षणी स्वतःच्या हाताने सोडून दिली, आणि हे मला नंतर नियम वाचताना कळलं.

पार्सल आलं. लेन्स जड, धातूची, बाहेरून देखणी. अ‍ॅडॅप्टर म्हणजे नुसती धातूची कडी. बॉडीच्या बाजूला जिथे सोनेरी संपर्कबिंदू दिसायला हवेत तिथे काहीच नाही. कॅमेऱ्यात लावली तर बॉडीला लेन्स असल्याचंच कळेना. मेनूत जाऊन ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ हा पर्याय सुरू केला तेव्हा कुठे फोटो निघाला. ऑटोफोकसचा प्रश्नच नाही, कारण लेन्समध्ये मोटर नव्हती. बॉडीला लेन्सचा आकडा कळत नसल्यामुळे तिच्यातल्या स्टॅबिलायझेशनला (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या सोयीला) फोकल लेंग्थ, म्हणजे जाहिरातीतले ते १०० मिमी, हाताने भरून द्यावी लागली.

इथे ‘मिररलेसला चालते’ या शब्दांबद्दल सांगायला हवं. एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, त्या आरशाला जागा लागायची, म्हणून माउंट (लेन्स बसते ती कडा) आणि सेन्सर यांच्यातलं अंतर मोठं असायचं. कॅननच्या ईएफ माउंटचं ४४ मिमी, निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५. मिररलेसमध्ये आरसा नाही. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०. उरलेली जागा कडीने भरून काढली की जवळपास कुठलीही जुनी एसएलआर लेन्स मिररलेसवर बसते आणि अनंतापर्यंत फोकसही करते. म्हणजे ‘चालते’ म्हणताना तो खोटं बोलत नव्हता, पण त्यातून विकत घेणाऱ्याला काहीच कळत नाही. विचारायचं ते हे : अ‍ॅडॅप्टरला संपर्कबिंदू आहेत का, आणि माझ्याच बॉडीवर ऑटोफोकस होताना कुणी पाहिलाय का?

तरी मी मनाची समजूत घातली. मॅक्रोत बरेच जण हातानेच फोकस करतात, रिंग एका जागी ठेवून स्वतः मागेपुढे होतात. ऑटोफोकस नसला तरी माझं काम होणार होतं.

काम अडलं पट्टीपाशी. मिलिमीटरच्या खुणांची साधी पारदर्शक पट्टी टेबलावर ठेवली, फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली, आणि पट्टी स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा पुढेमागे सरकवला. फोटो काढून खुणा मोजल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत ७२ मिलिमीटर. चुकलं असेल म्हणून पुन्हा काढला. पुन्हा ७२.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. १:१ याचा अर्थ वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते, म्हणून चौकटीच्या रुंदीत पट्टीचे ३६ मिमी दिसायला हवेत. ७२ दिसले तर लेन्स १:२ आहे. १४४ दिसले तर १:४, म्हणजे झूम लेन्सवर हौसेने ‘मॅक्रो’ लिहितात तसला प्रकार. आणि ‘अर्धं’ ऐकायला वाटतं तेवढं किरकोळ नाही. लांबी-रुंदी दोन्ही अर्ध्या होतात, म्हणून १:१ चं दृश्य मिळवायला फोटो चौथ्या हिश्शापर्यंत कापावा लागतो. माझ्या २४ मेगापिक्सेलचे उरले ६.

मग लेन्स हातात घेऊन नीट बघितली. अंतराच्या आकड्यांखाली दुसऱ्या रंगात मॅग्निफिकेशनचे आकडे कोरलेले होते, आणि शेवटचा आकडा स्वच्छ १:२. जाहिरातीतल्या चारही फोटोंत ही बाजू खाली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, पण इतक्या नीटनेटक्या फोटोंत नेमके हे आकडेच दिसू नयेत हा योगायोग नव्हता. जुन्या काळी अशा लेन्स सर्रास बनत. १९८७ साली आलेली कॅननची ईएफ ५० मिमी एफ २.५ कॉम्पॅक्ट मॅक्रो एकटी अर्ध्यापर्यंतच जायची, १:१ साठी कंपनीचा वेगळा लाइफ साइझ कन्व्हर्टर जोडावा लागे. काही लेन्ससोबत पुढे लावायची खास काच यायची. माझ्या लेन्सची अशी जोडकाच कधीच हरवलेली असणार. लेन्स कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण बनवणाऱ्याने अंगावर खरा आकडा कोरून ठेवला होता.

आणि ०.४५ मीटर! हा आकडा विक्रेत्याने स्वतःच दिला होता. सगळी काच एकत्र पुढे सरकणाऱ्या साध्या रचनेत वस्तू आणि सेन्सर यांच्यातलं अंतर १:१ ला फोकल लेंग्थच्या चौपट येतं आणि १:२ ला साडेचारपट. १०० मिमीची साडेचारपट म्हणजे ४५ सेंटिमीटर. आताच्या लेन्स आतल्या आत भिंगं हलवून आणखी जवळ जातात : सोनीची एफई ९० मिमी मॅक्रो २८ सेंटिमीटरवर १:१ देते, सिग्माची १०५ मिमी डीजी डीएन २९.५ वर. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. सोनीच्या ९० मिमीला लेन्सपुढे प्रत्यक्षात १३ सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. जाहिरातीतला आकडा आणि ‘१:१’ हे शब्द एकमेकांशी जुळत नव्हते. मी गुणाकार केला असता तर तिथेच थांबले असते.

कोळ्याच्या फोटोचंही तेच. अशा लहान कोळ्याचं तोंड असतं अडीच मिलिमीटरच्या आसपास. ते ३६ मिमीच्या चौकटीत कडेपासून कडेपर्यंत भरायचं तर १४ पट मॅग्निफिकेशन लागेल. खऱ्या १:१ लेन्सवर ते तोंड चौकटीच्या रुंदीत चौदाव्या भागाएवढं दिसतं, माझ्या बॉडीवर सुमारे ४०० पिक्सेल. म्हणजे फोटो एकतर भयंकर कापलेला होता किंवा दुसऱ्याच साधनाने काढलेला. तो चित्रशोधात टाकला तेव्हा एका वेगळ्याच छायाचित्रकाराच्या संग्रहात सापडला, माझ्या जाहिरातीच्या कितीतरी आधीचा. असं शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

फोटो धुरकट येत होते, त्याची तक्रार केली तर विक्रेत्याने उत्तर दिलं, ‘मॅक्रोत दोन स्टॉप प्रकाश जातोच, तुम्हाला अनुभव नाही.’ या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं. १:१ ला एफ २.८ ची लेन्स प्रकाशाच्या हिशोबात दोन स्टॉप खालच्या एफ ५.६ सारखी वागते. (१:२ ला तर दोन स्टॉपही जात नाहीत, सव्वाएक जातो.) पण प्रकाश कमी झाला तर फोटो गडद होतो किंवा शटर हळू होतं. काळा रंग राखाडी होत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून मागून तिरका टॉर्च मारला, तर आतल्या एका भिंगावर आरशावर फुंकर मारल्यासारखी वाफ दिसली आणि कडेला बुरशीचे बारीक धागे. समोरून उजेडात तीच काच लख्ख दिसत होती.

पैसे परत मागितले. पहिल्यांदा ‘लेन्सवर मॅक्रो लिहिलंय की’, मग ‘तुम्हीच उघडून खराब केली असेल’, मग काहीच नाही. पट्टीचे फोटो, टॉर्चचे फोटो आणि सगळं संभाषण जोडून मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. व्यवहार त्यांच्यामार्फत झाला नाही म्हणून पैशांबाबत त्यांनी हात वर केले, फक्त ते खातं बंद केलं. पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

आता वापरलेली मॅक्रो लेन्स बघताना मी सगळ्यात आधी पट्टीचा फोटो मागते : रिंग जवळात जवळच्या खुणेवर, फोटो न कापलेला, पूर्ण आकारात, आणि सोबत कागदावर त्या दिवशीची तारीख. खरा विक्रेता कुरकुर करेल, पण पाठवेल. मग टॉर्चचा फोटो, आणि माझ्याच माउंटच्या बॉडीवर ऑटोफोकस होतानाची छोटी चित्रफीत. लेन्स फुल-फ्रेमसाठीची आहे का तेही विचारते, कारण एपीएस-सी या लहान सेन्सरच्या मॅक्रो लेन्सही त्याच माउंटवर बसतात. सोनीच्या नावांत ‘एफई’ म्हणजे फुल-फ्रेम, नुसतं ‘ई’ म्हणजे लहान सेन्सरची. तशी लेन्स लावली की बॉडी चौकट आपोआप कापते आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात.

नव्या लेन्स घेणाऱ्यांनीही नावावर जाऊ नये. कॅननच्या आरएफ ३५ मिमी एफ १.८ आणि ८५ मिमी एफ २, दोन्हींच्या नावात मॅक्रो आहे आणि दोन्ही ०.५ पटच जातात. कॅननचीच आरएफ १०० मिमी १.४ पट जाते. निकॉनच्या झेड एमसी ५० आणि १०५ दोन्ही १:१. कंपन्या हे माहितीपत्रकात उघड छापतात, विकणारा ते सांगेलच असं नाही.

दुसरी लेन्स मी तीन महिन्यांनी घेतली. त्या माणसाने न विचारता पट्टीचे दोन फोटो पाठवले, दोन्हींत ३६ खुणा. व्यवहार संकेतस्थळामार्फतच झाला. पहिली लेन्स कपाटात आहे. ती दुसऱ्या कुणाला विकायची माझी इच्छा नाही.

गेल्या आठवड्यात तोच कोळी पुन्हा दिसला. खातं नवं, लेन्स दुसरी, मजकूर जवळपास तोच : ‘१:१, फुल-फ्रेम मिररलेसला चालते, काच एकदम स्वच्छ.’ मी लगेच संकेतस्थळाला कळवलं आणि विक्रेत्याकडे पट्टीचा फोटो मागितला. त्याने निरोप वाचल्याची खूण दिसते. उत्तर नाही. हे लिहीपर्यंत जाहिरात तिथेच आहे.